चोरखमाऱ्याची सहल आम्ही पुढे का ढकलली

दोन वर्षे घरात कोंडलेल्या मुलांना या हिवाळ्यात जंगल दाखवायचे, असे आम्ही तीन भावांच्या कुटुंबांनी ठरवले होते. ठिकाण ठरले चोरखमारा. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले हे छोटे गाव. जवळच तलाव आहे आणि नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे एक प्रवेशद्वार याच गावाकडून आहे. नागझिऱ्याला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसो न दिसो, मुलांना मोकळी हवा मिळेल, एवढीच अपेक्षा होती. खोल्यांचा आणि जिप्सीचा बयाणाही देऊन झाला.

मग २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराला ‘ओमायक्रॉन’ हे नाव दिले. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र शासनाचा आदेश निघाला. सार्वजनिक वाहनाने प्रवास करायचा असेल, तर तेव्हा लसीचे दोन्ही डोस झालेले असावे लागत होते. ४ डिसेंबरला डोंबिवलीत राज्याचा पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला. आम्ही घरात हिशेब मांडला, तर आठ मोठ्या माणसांपैकी तिघांनी एकही डोस घेतलेला नव्हता. केंद्र लांब होते किंवा लस मिळाली नाही, असे काही नव्हते. त्यांना ती घ्यायचीच नव्हती.

राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२१ च्या लाटेत आमच्या घरातून एक जनाजा निघाला. खांदा द्यायला मोजकीच माणसे होती, शेवटचे तोंडही सर्वांना पाहता आले नाही. आज लस नको म्हणणारे आमचे मोठे भाईजान तेव्हा ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर शहर पालथे घालत होते. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांनीच दंड पुढे करू नये, हे समजणे अवघड जाते.

पण रागावून कोणी लस घेत नाही, म्हणून आम्ही त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

एकाचे कारण अगदी साधे होते. लसीनंतर दोन दिवस ताप येतो आणि रोजंदारीवाल्याचे दोन दिवस बुडतात. दुसरीकडे मोबाइलवर फिरणारे संदेश होते. लसीत डुकराची चरबी आहे, मूल होत नाही, वगैरे. वस्तुस्थिती अशी की आपल्याकडे तेव्हा दिल्या जात असलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लसींमध्ये डुकरापासूनचा कोणताही पदार्थ नाही. वंध्यत्वाची अफवा तर पोलिओच्या थेंबांच्या वेळीही अशीच उठली होती. ते थेंब घेतलेली पिढी आज स्वतःची मुले कडेवर घेऊन फिरते आहे, आणि भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला तो जानेवारी २०११ मध्ये.

भाईजानांचे कारण मात्र खोल होते. “ज्यांनी मार्च २०२० मध्ये आपल्यालाच रोग पसरवणारे ठरवले, त्यांची सुई मी का टोचून घेऊ?” असे ते म्हणाले. ही जखम खोटी नाही. निजामुद्दीन मरकजच्या निमित्ताने साऱ्या समाजावर बोट ठेवले गेले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगसाठी आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असे मत नोंदवले. तो न्याय आपण कोर्टात मागितला आणि तो मिळालाही. पण अपमानाचा राग लसीवर काढला, तर झळ अपमान करणाऱ्याला लागत नाही. ती आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना लागते.

शेवटी त्यांनी तवक्कुलचा विषय काढला. मौत लिहिली असेल तेव्हाच येईल, मग सहल का रद्द करायची? याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. हिजरी १८ च्या सुमारास हजरत उमर (रजि.) सीरियाच्या प्रवासाला निघाले होते. सरग या ठिकाणी पोहोचल्यावर पुढे ताऊनची साथ असल्याची खबर मिळाली. त्यांनी सहाबांशी सल्लामसलत केली आणि मदीनेला परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नाही का? हजरत उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली. जिथे साथ आहे तिथे जाऊ नका आणि आपण आहोत तिथे साथ आली तर तिच्यापासून पळून बाहेर पडू नका.

या शिकवणीच्या दुसऱ्या भागावर आम्ही घरात बराच वेळ बोललो. आपण स्वतः साथीत शिरू नये, एवढेच त्यात नाही. आपल्याबरोबर साथ दुसऱ्यांच्या गावात जाऊ नये, हेही त्यात आले. शहरातून तेरा माणसे चोरखमाऱ्याला जाणार. जिप्सीचालक, गाइड, जेवण रांधणाऱ्या बाया यांच्यात वावरणार. आपल्यापैकी कोणाला लागण झाली तर हाताशी गाडी आहे, शहरात दवाखाने आहेत. त्या गावातल्या माणसाला प्रकृती बिघडली की आधी तिरोडा आणि तिथून गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. लस घेतली तरी संसर्ग होऊ शकतो, हे खरे आहे, म्हणून मास्क सुटत नाही. पण लसीमुळे आजार गंभीर होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पाहुणा म्हणून जाताना एवढी तयारी तरी करूनच निघायला हवे.

आपल्या समाजाला सुई नवी नाही. हजला जाणारा प्रत्येकजण कित्येक वर्षांपासून मेंदूज्वराची लस निमूटपणे घेतो, त्याशिवाय जाताच येत नाही. तिथे कोणी तवक्कुलचा प्रश्न काढत नाही. २०२१ चा हज तर सौदी अरेबियात राहणाऱ्या ६० हजार लोकांपुरताच ठेवला गेला, तोही लस घेतलेल्यांसाठी. त्याही आधी, १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. हाफकिन यांच्या लसीला लोक घाबरत होते. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांची भीती घालवण्यासाठी सर्वांसमोर ती लस टोचून घेतली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आज तेच करायला हवे.

आम्ही सहल रद्द केली नाही, पुढे ढकलली. पाच जणांनी जावे आणि तिघांनी घरी बसावे, असेही करता आले असते, पण त्याने घरात कायमची अढी बसली असती. बयाणा परत मागितला नाही. दोन वर्षे जंगल कधी बंद, कधी उघडे, आणि त्या गावाचे पोट पर्यटकांवर. आमच्या घरातल्या अडचणीचा भुर्दंड त्यांच्यावर पडायला नको. फोनवर जिप्सीवाला एवढेच म्हणाला, “सगळ्यांचं झालं की या, दादा. घरी माझी म्हातारी आई आहे.”

नवा हिशेब तारखांवर बेतला. १ जानेवारीला कोव्हॅक्सिन घेतली, तर २८ दिवसांनी दुसरा डोस आणि त्यानंतर दोन आठवडे, म्हणजे १२ फेब्रुवारीपर्यंत माणूस तयार होतो. कोव्हिशील्डमध्ये ८४ दिवसांचे अंतर असल्याने ९ एप्रिल उजाडेल, तोवर रमजान सुरू झालेला असेल. म्हणून ईदनंतरचा मे महिना ठरवला. उन्हाळ्यात जनावरे पाणवठ्यावर येतात, मुलांना ती अधिक दिसतील. घरातल्या पंधरा वर्षांवरील दोन मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून लस मिळणार होती, त्यांची नावेही नोंदवायची होती.

तिघांपैकी रोजंदारीवर जाणाऱ्या भावाने शनिवारी संध्याकाळी पहिला डोस घेतला. रविवारी ताप आला, मंगळवारी तो कामावर गेला. बुडालेल्या सोमवारची मजुरी बाकीच्यांनी वर्गणी काढून भरून दिली. दुसऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारून सांगतो, असे म्हटले आहे. भाईजान अजून तयार नाहीत. पुढच्या जुम्याला नमाजनंतर मस्जिदीच्या इमामसाहेबांशी त्यांची भेट ठरवली आहे. इमामसाहेबांनी स्वतः दोन्ही डोस घेतलेले आहेत. इन्शाअल्लाह, मे महिन्यात जिप्सीत आठही मोठी माणसे असतील.