प्सिखोमेत्री दुसऱ्यांदा देताना

शुक्रवारी रात्री सगळे जेवायला जमतात, पण नात गप्प असते. आई हळूच सांगते, "प्सिखोमेत्रीचे मार्क आले. थोडक्यासाठी प्रवेश हुकला." आपल्या वेळी मॅट्रिकला नापास म्हणजे वर्ष फुकट, म्हणून आपल्या पोटात गोळा येतो. पण या परीक्षेत पास-नापास नसतेच. ती पुन्हा देता येते आणि विद्यापीठे साधारणपणे सर्वांत चांगले गुण धरतात. म्हणजे दुसऱ्यांदा बसण्यात नुकसान नाही.

ही परीक्षा विद्यापीठांनी 1981 मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय संस्था घेते. गुण 200 ते 800 च्या दरम्यान मिळतात. ते बगरुतच्या गुणांशी जोडून प्रवेशाचा 'सेखेम' ठरतो. परीक्षेचे तीन भाग आहेत : भाषा, गणिती विचार आणि इंग्रजी. प्रत्येकाचे गुण 50 ते 150. सर्वसाधारण गुणांत भाषेला 40 टक्के, गणिताला 40 टक्के आणि इंग्रजीला 20 टक्के वजन असते. निबंध भाषेच्या भागात मोजतात.

म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी गुणपत्रिका वाचण्यापासून करावी. सगळे पुस्तक पहिल्यापासून घोकण्यात अर्थ नाही. गणितात 5 गुण वाढले काय, किंवा इंग्रजीत 10 वाढले काय, सर्वसाधारण गुणांना फायदा सारखाच. इंजिनिअरिंगसारख्या शाखांसाठी गणिताला 60 टक्के वजन देणारा वेगळा हिशेब असतो. तिथे गणितावरच जास्त घाम गाळावा.

पुढची पायरी जुन्या प्रश्नपत्रिका. संस्था त्या स्वतः प्रसिद्ध करते. घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा आणि प्रत्येक चूक वहीत लिहावी : नियम माहीत नव्हता, घाई झाली, की वेळ पुरला नाही? तीन आजारांची औषधे तीन. पहिल्याला अभ्यास, दुसऱ्याला सावकाश वाचन, तिसऱ्याला अवघड प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चार पर्यायांपैकी एकावर खूण केलीच पाहिजे, कोरे काही ठेवू नये.

इंग्रजीच्या बाबतीत आपण आजी-आजोबाही उपयोगी पडतो. आपल्यापैकी अनेकांचे इंग्रजी मुंबईच्या शाळांत पक्के झाले. या भागात वाक्य पूर्ण करणे, तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत ओळखणे आणि उतारा वाचणे असते. म्हणजे शब्दसंग्रह हवा. रोज अर्धा तास नातवंडाबरोबर इंग्रजी वर्तमानपत्र वाचा आणि अडलेला शब्द समजावून सांगा. इंग्रजीत 134 किंवा अधिक मिळाले तर विद्यापीठातले इंग्रजीचे वर्गही माफ होतात.

सैन्यातून सुटलेल्या मुलांना मिळणारी 'पिकादोन'ची रक्कम तयारीच्या वर्गासाठी वापरता येते. तरीही गुण कमी पडले तर मेखिनाची वाट आहे. खुल्या विद्यापीठात तर प्रवेशासाठी ही परीक्षा लागतच नाही.

एक विनंती. "चुलत भावाला किती मिळाले?" हे जेवणाच्या टेबलावर विचारू नका. "आज कुठला पेपर सोडवलास? चहा करून देऊ का?" एवढे विचारा. आपल्या घरातही कोणीतरी ऑक्टोबरला पुन्हा बसून मॅट्रिक झाले होते, ती गोष्टही सांगा. पोरांना ती ठाऊक नसते.