मुक्तस्रोत आज्ञावली व लोकशिक्षण
मुक्तस्रोत आज्ञावली : जिची मूळ संकेतावली वाचण्याची, तीत बदल करण्याची व तिच्या प्रती वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, अशी संगणकीय आज्ञावली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर करून अशा आज्ञावलींच्या चळवळीचा पाया घातला. ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा मात्र १९९८ मधील. शाळा व ग्रंथालये यांना तिचे महत्त्व विशेष आहे. एकच प्रत अनेक संगणकांवर बसविणे येथे गुन्हा ठरत नाही व पडद्यावरील मजकूर स्वभाषेत आणण्यासाठी उत्पादकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. तथापि मुक्त म्हणजे विनाखर्च नव्हे. दुरुस्ती, वीज व शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा भार उरतोच आणि बहुधा त्याचाच विसर पडतो. केरळमधील शासकीय शाळांनी या आज्ञावली मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सुमारे १० मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून त्यांचा वापर शिकविला जातो. निवेदन ऐकत विद्यार्थी तीच कृती स्वतःच्या संगणकावर करून पाहतो. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत असते. पडद्यावरील आज्ञा मात्र इंग्रजीच ठेवतात, कारण नोकरीत गाठ त्यांच्याशीच पडते. पाठही मुक्त परवान्याखाली असल्याने ते उतरवून घेऊन आंतरजालाविना दाखविता येतात.