दारू सोडणाऱ्याची सोबत : गाव, रान आणि दवाखाना



आज आसेगावात आपण दारूवर बोलणार आहोत. पण दारू किती वाईट हे सांगायला आम्ही आलेलो नाही. ते इथल्या बायांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. एखाद्याने दारू सोडायची ठरवली, तर त्याच्या बाजूला उभं राहणाऱ्याने नेमकं काय करायचं? मग तो भाऊ असो, शेजारी असो की आशाताई असो.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका तांड्यावर आम्ही एका माणसाला देवळात नेलं, नारळ फोडला, शपथ दिली आणि टाळ्या वाजवून घरी आलो. तो रोज सकाळी उठल्या उठल्या प्यायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. तिसऱ्या रात्री त्याचं अंग थरथरायला लागलं, भिंतीवर साप दिसायला लागले, बायकोला तो ओळखेना. लोक म्हणाले, शपथ लागली, देव कोपला. ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. देव कोपला नव्हता. आम्ही अर्धवट काम केलं होतं.

यामागचं कारण समजून घ्या. वर्षानुवर्षं रोज दारू गेली की मेंदू तिच्या हिशोबाने चालायला शिकतो. ती एकदम बंद झाली की सहा-आठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ सुरू होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, भान सुटतं, आणि उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. सगळ्यांना होतं असं नाही. पण जो सकाळी घोट घेतल्याशिवाय उभा राहू शकत नाही, किंवा ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याने घरी एकट्याने सोडू नये. आधी डॉक्टर, मग शपथ. दवाखान्यात औषध मिळतं, बी-१ जीवनसत्त्व मिळतं, आणि ते चार-आठ दिवस सुखरूप निघतात.

मग प्रश्न येतो, दवाखाना आहे तर गावाची गरज काय? गरज आहे, कारण माणूस दवाखान्यातून परत येतो तो त्याच पारावर, त्याच दोस्तांत, त्याच कर्जात. दवाखाना शरीरातली दारू काढतो. रिकामी झालेली संध्याकाळ गावालाच भरावी लागते.

इथे आदिवासी समाजांकडून शिकण्यासारखं बरंच आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अल्काली लेक नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथे जवळजवळ सगळे प्यायचे. १९७२ साली फिलिस चेल्सी या बाईने दारू सोडली, कारण पोटची मुलगी पिणाऱ्या आईबापासोबत घरी यायला तयार नव्हती. मागोमाग नवरा अँडी यानेही सोडली. बराच काळ ते जवळजवळ एकटेच होते. पण काही वर्षांत बहुतेक वस्ती दारूपासून दूर झाली. या लोकांनी उपचारासोबत आपले जुने विधी, आपली भाषा आणि आपली जमीन यांच्याशी पुन्हा नातं जोडलं. आज तिकडे अनेक आदिवासी समाज व्यसनी माणसाला रानात, नदीकाठी, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने बरं करण्याचे कार्यक्रम चालवतात. जे हिरावलं गेलं तेच औषध, असा त्यामागचा विचार आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातपर्यंत आदिवासींमध्ये देवीची चळवळ पसरली. अंगात आलेल्या देवीच्या तोंडून आदेश यायचा : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा. त्यात देवीची भीती होती तशी दारूच्या ठेकेदाराविरुद्धची चीडही होती. काही ठिकाणी दारू नंतर परत आली. म्हणजे उत्साहाने सुरुवात होते, टिकवायला रोजची व्यवस्था लागते.

ती व्यवस्था गडचिरोलीत बघायला मिळते. लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर तिथे १९९३ पासून जिल्हा दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने शोधग्रामचा दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारलं. म्हणून तो झोपड्यांच्या गावासारखा आहे, घरचे सोबत राहू शकतात, आणि त्याला नाव आहे माँ दंतेश्वरीचं. पुढे २०१६ मध्ये शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून दारू आणि तंबाखूविरुद्ध मुक्तिपथ सुरू केला. त्यात गावाची संघटना आहे आणि तालुक्याला व्यसन-उपचार क्लिनिकही आहे. कायदा, गाव आणि दवाखाना असे तिन्ही पाय एकत्र आहेत.

आता कुणी म्हणेल, मोह तर आदिवासींचा देवच, मग मोहाची दारू कशी सोडणार? मोहाचं झाड आणि मोहाची दारू एक नाही. चैत्रात पहाटे फुलं वेचायची, वाळवायची, भाकरीत घालायची, लाडू करायचे, बाजारात विकायची, हेही मोहाचंच. देवाला थेंब वाहणं आणि रोज बाटली रिकामी करणं यातला फरक वडीलधाऱ्यांना नीट कळतो. त्यांनाच बोलू द्या.

आपल्या वाशिम जिल्ह्यात आंध आणि गोंड समाज आहे, बंजारा तांडे आहेत, जवळच पोहरादेवी आहे. सेवालाल महाराजांची शिकवण आहे, वारकऱ्यांची माळ आहे. माळ घातलेल्याला दोस्तही आग्रह करत नाहीत, हे आपण पाहतोच. ही सामग्री हाताशी आहे. सोबत करणाऱ्याने एवढं करावं :

पहिले दहा दिवस रोज जा. उपदेश नको; चहा प्या, झोप लागली का विचारा. संध्याकाळची वेळ मोकळी ठेवू नका. शेताला पाणी देणं, बकऱ्या, भजन, काहीही चालेल, पण कुणीतरी सोबत हवं. मजुरीचे पैसे काही महिने घरच्या बाईच्या हातात जावेत, हे त्याच्याच संमतीने ठरवा. बायकोला एकटं विचारा, मारहाण होते का; होत असेल तर आधी तिची सुरक्षितता. आणि त्याने पुन्हा घेतली तर दार बंद करू नका. पुन्हा पिणं हा या आजाराचा भाग आहे. 'बघ, तुला जमलं नाही' असं म्हणण्याऐवजी 'काल काय झालं?' एवढं विचारा. कारण सापडलं की पुढच्या वेळी तिथे कुंपण घालता येतं.

फिट आली, भास झाले, तर भगताची वाट न बघता १०८ ला फोन करा. सल्ला हवा असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

ट्रॅक्टरवर नेलेला तो माणूस परत आला तेव्हा आम्ही रोज त्याच्याकडे जायला लागलो. मधे दोनदा घसरला. आज तो तांड्यावरच्या दुसऱ्या एकाच्या उशाशी बसतो, आणि पहिलं वाक्य म्हणतो, 'आधी डॉक्टरकडे जाऊन येऊ, मग देवळात.'

आता तुम्ही विचारा.