वीज गेली असता संगणकातील दप्तर कसे शाबूत राहते

आपल्या बहुतेक पेढ्यांची रोजकीर्द आता संगणकात गेली आहे. सिटी सेंटरमधील आमच्या कचेरीतही तीच स्थिती आहे. तेव्हा लिहिता लिहिता वीज गेली तर दप्तराचे काय होते, हे व्यापारी बंधूंनी जाणून घेणे अवश्य आहे.

एक बिल साठवावयाचे म्हणजे डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते : मजकूर, तो कोठे आहे याची नोंद आणि कोणती जागा भरली याची यादी. ही कामे एकाच क्षणी होत नाहीत. मध्येच वीज गेली की एखादी जागा दोन फायलींच्या नावे पडते, किंवा भरलेली असूनही मोकळी दिसते.

जुनी रीत अशी की, यंत्र पुन्हा सुरू होताच सर्व नोंदी अथपासून इतिपर्यंत पडताळावयाच्या. लिनक्सच्या १९९३ सालच्या एक्स्ट-टू व्यवस्थेत हेच चाले. वखार जेवढी मोठी तेवढी मोजदाद लांब. मोठ्या डिस्कना तासन् तास लागत.

दुसरी रीत आपल्या अंगवळणी पडलेलीच आहे. करावयाचा फेरबदल आधी कीर्दीत लिहावा, शेवटी पूर्णतेची खूण करावी आणि मग तो मूळ जागी खतवावा. वीज गेल्यास खूण असलेल्या नोंदी पुन्हा खतवावयाच्या, बाकीच्या सोडून द्यावयाच्या. क्षणार्धात काम आटोपते. व्हेरिटास कंपनीने १९९१ मध्ये अशी व्यवस्था आणली. तिचे एक विकासकेंद्र पुढे पुण्यात उभे राहिले. लिनक्सच्या एक्स्ट-थ्रीमध्ये ही सोय २००१ साली आली. मात्र दोनदा लिहिण्याचा खर्च टाळण्यासाठी कीर्दीत बहुधा नोंदींचाच फेरबदल लिहितात, मजकूर नव्हे.

बीएसडी पंथीयांनी दुहेरी लेखन टाळून केवळ लिहिण्याचा क्रम बांधून दिला. युक्ती चतुर खरी, पण सांभाळावयास किचकट.

सन कंपनीच्या २००५ सालच्या झेडएफएसमध्ये जुन्या पानावर लेखणी चालवीतच नाहीत. नवे पान लिहून झाल्यावरच मुख्य निर्देश बदलतो. शिवाय प्रत्येक पानाची पडताळणी-बेरीज ठेवलेली असते. खाडाखोड न करण्याचा हा बाणा आम्हांस सर्वांत पसंत आहे. पण त्यास डिस्कवर मोकळी जागा बरीच लागते.

तथापि यांपैकी कोणतीही रीत शेवटचे बिल वाचेलच अशी हमी देत नाही. एक्स्ट-थ्रीची कीर्द साधारणतः दर पाच सेकंदांनी डिस्कवर उतरते. हिशेबाच्या प्रोग्रॅमने ‘आत्ताच लिही’ असे बजावले नसेल, तर तेवढ्यातले काम जाते आणि दप्तर मात्र निर्दोष दिसते. म्हणून वीज आल्यावर शेवटच्या चार बिलांचे क्रमांक छापील प्रतींशी ताडून पाहावे आणि मगच पुढचे बिल फाडावे.