हाकेला ओ न देणारे मूल आणि सरकारदरबारचा कागद

मूल हाकेला ओ देत नाही, म्हणून बहुतेक घरांत आधी त्याचे कान तपासले जातात. कान ठीक निघतात. मग शेजारीण धीर देते, ‘मुलगे उशिराच बोलतात हो, याचा काकासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता.’ आजी नवस बोलते. मूल मात्र खेळण्यातल्या मोटारीचे चाक तासन्‌तास फिरवत बसते, डोळ्याला डोळा देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळते. अशी दोन-अडीच वर्षे निघून जातात. शिकवण्याचा सर्वांत जास्त उपयोग व्हायचा, नेमका तोच हा काळ असतो.

यालाच ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतात. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे दोष आईच्या माथी मारला जाई. आईने माया केली नाही म्हणून मूल आत मिटले, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, संगोपनातली चूक नव्हे, हे आता पक्के झाले आहे. तरीही ‘तू नोकरी करतेस ना, म्हणून’ असे टोमणे ऐकणाऱ्या सुना आपल्या आसपास आजही आहेत.

जबलपूरसारख्या शहरातल्या मराठी घरात आणखी एक पेच असतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल बोलत नाही म्हटल्यावर कुणीतरी सल्ला देते की घरातली मराठी आधी बंद करा, एकच भाषा ठेवा. भाबडे पालक तसे करतातही. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट ज्या आजीला हिंदी जेमतेम येते, तिच्याशी असलेला नातवाचा दुवा मात्र अशा सल्ल्याने तुटतो. आईने आपल्या भाषेतच बोलावे.

दाखला कशाचा?

निदान झाले की दुसरी वाट सुरू होते ती सरकारी कचेऱ्यांची. तिचा इतिहास थोडा समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या अडचणींचे मूळ त्यातच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती. त्यांत स्वमग्नतेचे नावच नव्हते. त्यामुळे अशा मुलाला दाखला हवा असेल, तर तो बहुधा ‘मतिमंद’ म्हणून घ्यावा लागे. मूल पाढे धडाधड म्हणते, गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ सांगते, आणि कागदावर मात्र मतिमंद! ज्याची बुद्धी चाचणीत चांगली ठरे, त्याला तर तोही कागद मिळणे अवघड होते. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला आणि स्वमग्नतेला कायद्यात प्रथमच स्वतंत्र नाव मिळाले. पण शाळा, नोकरी, आरक्षण यांचे हक्क मिळायला २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा यावा लागला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यांपैकी एक आहे.

प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांसाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. चाळीस बाबी असतात. दुसऱ्यांशी मिसळणे, भावना, बोलणे, वागण्याच्या तऱ्हा, आवाज-स्पर्श सोसणे आणि आकलन अशा सहा अंगांनी मुलाला पाहिले जाते. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण असतात. बेरीज सत्तरच्या घरात गेली की स्वमग्नता धरली जाते आणि तिथूनच चाळीस टक्के अपंगत्व मोजले जाते. हा चाळीसचा आकडा लक्षात ठेवावा. बहुतेक सवलतींचे दार तिथेच उघडते.

मोजपट्टी चांगली आहे, पण ती वापरायला माणूस लागतो. बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरात मिळतात. जबलपुरात ‘मेडिकल’ म्हणजे सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्याचे ‘विक्टोरिया’ रुग्णालय आहे. खरी वाण असते ती प्रशिक्षित, नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची. ही अडचण देशभरची आहे. मंडला, डिंडोरी, सिवनीकडच्या पालकांना ती जास्त जाचते, कारण प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. तासभर रांगेत, गोंगाटात उभे राहून मूल बिथरते. दहा मिनिटांत त्याला पाहणाऱ्याला मग ते एकतर फार गंभीर वाटते, नाहीतर अगदी साधे. म्हणून घरच्या वागण्याचे दोन-चार लहान चित्रफितींचे तुकडे आणि शाळेच्या बाईंची चिठ्ठी जवळ असणे फार उपयोगी पडते. लहान वयात मिळालेला दाखला बहुधा मुदतीचा असतो. तो नव्याने करून घ्यायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रमाणपत्राबरोबर मिळणारे यूडीआयडी कार्ड देशभर चालते. नागपूरहून बदली होऊन जबलपूरला आलेल्या कुटुंबाला ते पुन्हा काढावे लागत नाही. मात्र राज्य सरकारच्या योजनांसाठी इथे ‘समग्र आयडी’ लागतो. नवीन आलेली अनेक कुटुंबे नेमकी इथेच अडतात.

राज्याकडून काय मिळते?

मध्य प्रदेशात सहा वर्षांवरील बहुविकलांग आणि ‘मानसिक रूप से अविकसित’ व्यक्तींसाठी दरमहा आर्थिक साहाय्याची योजना आहे. नाव वाचताच लक्षात येईल की कायदा बदलला, पण शब्द जुनाच राहिला. स्वमग्न मुलाचा अर्ज घेऊन गेलेल्या पालकाला ‘आमच्याकडे असा रकाना नाही’ हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. रक्कमही काही शेकड्यांतली. खासगी थेरपीचा आठवडाही त्यात निभत नाही. केंद्राची ‘निरामय’ विमा योजना त्यामानाने अधिक कामाची आहे. राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे संरक्षण मिळते. वाचा-उपचारांसारखा बाह्यरुग्ण खर्चही तिच्या मर्यादेत बसतो, जो साध्या विम्यात बहुधा बसत नाही.

शाळेबाबत कायदा स्पष्ट आहे. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचाही कायद्यात उल्लेख आहे. विशेष शिक्षकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२१ च्या निकालात प्राथमिक शाळांसाठी दहा विशेष मुलांमागे एक शिक्षक आणि पुढच्या वर्गांसाठी पंधरामागे एक, असे प्रमाण सांगितले गेले. २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की पदे मंजूर करा आणि भरा. चार वर्षांनी तेच सांगावे लागते, यावरून शाळांतली स्थिती ओळखावी. जबलपुरात जस्टिस तन्खा यांच्या नावाची विशेष मुलांची संस्था आहे, पण एका संस्थेने अख्ख्या विभागाची गरज कशी भागणार? राज्यातली केंद्र सरकारची मोठी पुनर्वसन केंद्रे भोपाळला आणि २०१९ पासून सिहोरला आहेत. म्हणजे जबलपूरकरांना गाडीने पाच-सहा तास. आठवड्यातून दोनदा ज्या उपचाराला जायचे, तो इतक्या लांब असून काय उपयोग?

या पोकळीतच मग ‘महिन्यात मूल बोलू लागेल’ अशा जाहिराती फोफावतात. मूळपेशींच्या सुया टोचण्याचा लाखोंचा धंदाही त्यातलाच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्वमग्नतेवर असा उपचार करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. दागिने गहाण टाकण्याआधी एवढे तरी माहीत असावे.

हक्क नाकारला गेला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. शाळेने किंवा कचेरीने नकार दिला, तर तो तोंडी घेऊ नये. तारीख-सहीनिशी लेखी मागावा. पुष्कळदा लेखी मागितल्यावरच नकार विरघळतो.

अठरावे वर्ष

‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतो. अठरा पूर्ण होताच आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत, दवाखान्यात, वाटणीच्या कागदावर सही कुणाची, असा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. आईवडिलांपैकी कुणीही अर्ज करू शकतो, पुढे भावंड किंवा अन्य नातलगही. एकुलते एक मूल असेल, तर मामा, काका, आत्या यांच्याशी हे बोलणे वेळेवर करावे, लग्नाकार्यातल्या गर्दीत नव्हे.

जबलपूर हे रेल्वेचे आणि संरक्षण कारखान्यांचे गाव. इथल्या पुष्कळ मराठी घरांत केंद्र सरकारची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. अशा कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट हमखास करावी. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी नोकरीत असतानाच कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव आणि अपंगत्व नोंदवावे, प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. निवृत्त झाला असाल तरी हरकत नाही, नोंद आजही करता येते. आईवडील दोघेही गेल्यावर, बोलू न शकणाऱ्या भावाच्या वतीने कचेऱ्यांचे जिने चढणाऱ्या बहिणीला ती एक पोच फार मोठा आधार देते.