भरल्या अंगाची लक्ष्मी

चैत्री पौर्णिमेस डहाणूजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून भाविकांची रीघ लागते. आख्यायिका अशी की, डोंगरावरील देवीच्या दर्शनास निघालेली एक गरोदर स्त्री वाटेतच मूर्च्छित पडली. तिचे कष्ट पाहून देवी स्वतः पायथ्याशी आली. जड पावलांसाठी दैवताने खाली उतरावे, ही कल्पना आम्हांस फार हृद्य वाटते.

जत्रेत माहेरची माणसे भेटतात, तेव्हा दृष्टी प्रथम अंगावरच जाते. ‘सुकलीस गं’ यात काळजी असते, ‘अंग धरलंस’ यात आनंद. ओटी भरावी, कणगी भरावी, तसेच अंगही भरावे! गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना येथील वारल्यांच्या वेठबिगारीची व उपासमारीची कल्पना आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे आजही वीटभट्ट्यांवर जातात. अशा मुलखात सडपातळपणाची हौस कोणास असणार? ती शहराची चैन.

परंतु डोळ्यांचे माप फसवे असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आमची बाळे हडकुळी खरी; पण त्यांच्या देहात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा देहास पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ वर आणली. कंबरेचा घेर पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटरपर्यंत ठरविला. बारीक दिसणारा मनुष्यही या मापात सापडतो.

या गोष्टीचे मूळ मातेच्या ताटात आहे. बाळ मोठे वाढले तर बाळंतपण जड जाईल, या भीतीने गर्भवतीस कमी जेवू घालण्याची रीत देशात अनेक ठिकाणी आढळते. ती आम्हांस घातक वाटते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आरंभिली. तीत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. लेकीसुनेची ओटी भरणाऱ्यांनी तिला त्या पंगतीस अवश्य धाडावे, आणि तेथील काट्यावर तिचे वजन किती भरले, हेही विचारावे.