सिनेमा पडद्यावर हलत नाही

परंडा तालुक्यातलं सोनारी म्हणजे काळभैरवनाथाचं ठाणं. चैत्रातली जत्रा आणि देवळाच्या आसपास वावरणारी माकडं ही गावाची ओळख. मराठी खेड्यानं सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो असल्याच जत्रांमध्ये. एका बाजूला कुस्तीचा फड, दुसऱ्या बाजूला तमाशाची राहुटी आणि मधे कनातीनं वेढलेला सिनेमाचा तंबू. त्या पहिल्या प्रेक्षकांबद्दल शहरी मंडळी एक गोष्ट फार चवीनं सांगतात: पडद्यावर आगगाडी अंगावर आली आणि माणसं उठून पळत सुटली. गोष्ट मूळची पॅरिसची, ल्युमिएर बंधूंच्या खेळाची. त्या पळापळीचा भक्कम पुरावा मात्र इतिहासकारांना सापडलेला नाही. नवखा प्रेक्षक भाबडाच असणार, ही समजूत या दंतकथेमागे आहे. विज्ञान वेगळं सांगतं.

ल्युमिएर यांची चलचित्रं मुंबईत आली ती 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलात. तिकीट एक रुपया, म्हणजे साहेबलोकांना आणि शेटजींनाच परवडणारं. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी स्वतः कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी काय टिपलं? मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती आणि पाठोपाठ माकडाचे खेळ करणारा मदारी. दोन्ही विषय थेट जत्रेतून उचललेले! सोनारीच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

आता यंत्राकडे वळू. फितीवर हालचाल नसतेच, असतात ती एकेक स्थिर चित्रं. प्रोजेक्टरच्या पोटात चार खाचांचं एक चक्र असतं, माल्टीज क्रॉस. शेजारच्या चाकावरची खुंटी फिरत येऊन एका खाचेत शिरते, चक्राला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. तेवढ्यात फीत एका चित्रानं खाली सरकते. खुंटीचा उरलेला पाऊण फेरा होईपर्यंत फीत जागच्या जागी उभी. बोलपटाच्या, सेकंदाला 24 चित्रांच्या, वेगात हा हिसका सेकंदाच्या सुमारे 96व्या भागात उरकतो. हिसका दिसू नये म्हणून दिव्यासमोर पात्यांची झडप फिरते. एक पातं फीत सरकताना उजेड अडवतं, दुसरं चित्र स्थिर असतानाही एकदा अडवतं. त्यामुळे सेकंदाला 48 वेळा उजेड-अंधार होतो आणि लुकलुक जाणवत नाही. याचा हिशेब गमतीचा आहे. तीन तासांच्या सिनेमात पडदा जवळजवळ दीड तास काळाच असतो. तिकिटाचे निम्मे पैसे अंधाराचे!

मग ही स्थिर चित्रं हलताना का दिसतात? शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर ‘दृष्टिसातत्य’ असं दिलेलं असतं: प्रतिमा डोळ्यात एक षोडशांश सेकंद टिकते, म्हणून चित्र हलताना दिसतं. हे उत्तर अपुरं आहे आणि ते इतकी वर्षं घोकून घेतलं जातंय याचं मला नवल वाटतं. आधीची प्रतिमा रेंगाळत राहिली तर दोन चित्रांची सरमिसळ होईल, माणूस चालताना कशाला दिसेल? दृष्टिसातत्यानं फार तर मधला अंधार बुजतो. हालचाल घडवतो तो मेंदू. 1912 मध्ये माक्स वेर्थहायमर यांनी हे प्रयोगानं दाखवलं. दोन रेषा थोड्या अंतरानं, पाठोपाठ दाखवल्या की बघणाऱ्याला एकच रेषा सरकल्याचा भास होतो. मेंदूत हालचालीसाठी वेगळा भागच आहे. तो निकामी झालेल्या एका स्त्रीची नोंद 1983 मध्ये जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केली. तिला माणसं दिसत, रंग दिसत, फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे आणि कप कधी भरला ते कळत नसे.

म्हणजे पडद्यावरची हालचाल बघायला कुणालाही शिकावं लागत नाही, शेतकऱ्यालाही नाही आणि वॉटसनमधल्या साहेबालाही नाही. खरी अडचण पुढे येते. एका दृश्यात राजवाडा, पुढच्याच क्षणी स्मशान. ही उडी समजायची कशी? मानसशास्त्रज्ञ श्वान आणि इल्दिरार यांनी तुर्कस्तानातल्या डोंगराळ भागात, आयुष्यात सिनेमाच न पाहिलेल्या प्रौढांवर याचा अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रपटाच्या काही जोडण्या या मंडळींना उमगल्या नाहीत. पण पडद्यावर ओळखीचं काम क्रमानं चाललेलं असलं की मधल्या उड्या त्यांना अडवत नव्हत्या.

इथं दादासाहेब फाळके आठवतात. कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि वाढत्या रोपाची एकेक चौकट महिनाभर टिपत ‘अंकुराची वाढ’ दाखवली. आपल्याकडचा हा पहिला विज्ञानपटच म्हणायचा. पण 1913 मध्ये लोकांसमोर नेला तो ‘राजा हरिश्चंद्र’, 1917 मध्ये ‘लंकादहन’. कथा कीर्तनातून, पोथीतून पाठ झालेली, त्यामुळे दृश्य कितीही तुटक असलं तरी प्रेक्षक ते मनात जोडून घेई. पौराणिक विषय निवडण्यात भक्ती होती, धंदा होता. माझ्या मते नवख्या नजरेला सिनेमा वाचायला शिकवण्याची ती सर्वांत सोपी वाटही होती. फाळके प्रोजेक्टर बैलगाडीत घालून गावोगाव हिंडले ते हीच शिदोरी घेऊन.

तंबूतला खेळ जोखमीचाही होता. उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवत. कांडीच्या टोकाचं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाई. कांड्या झिजत, म्हणून ऑपरेटरला त्या सतत जवळ आणाव्या लागत, नाहीतर पडदा पिवळा पडायचा आणि शिट्ट्या सुरू. त्या दिव्यासमोरून जाणारी जुनी फीत नायट्रेटची. तिच्यात ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन मुळातच असल्यानं ती पाण्याखालीही जळत राहते. साधारण 1950 नंतर सुरक्षित अ‍ॅसिटेट फीत रूढ झाली. तोवर कापडी तंबूत ही फीत चालवणाऱ्यांच्या छातीचं कौतुकच. नायट्रेट किती घातक, हे पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी पुन्हा दिसलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा मूकपटकाळातला मोठा ठेवा त्या आगीत गेला.

डिजिटल आल्यावर जत्रांतले बहुतेक तंबू उठले आणि यंत्रं भंगारात निघाली. तुमच्या वाड्यात किंवा माळ्यावर जुन्या रिळांचा डबा असेल तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट फीत विघटन पावतेय असं समजा. ती थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. 1950 च्या आधीची असेल तर काडी लावून पारखायला अजिबात जाऊ नका. डबा भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याच्या संग्रहालयाला एकदा कळवा.